टाळेबंदीत वर्ग सांभाळताना: सोलापुरातल्या नव्या वर्गशिक्षकांसाठी

शाळा बंद झाल्याचा निरोप आला की पहिल्या आठवड्यात सगळ्यांचाच उत्साह दांडगा असतो. रोज प्रत्येक मुलाला फोन, रोज एक व्हिडिओ, रात्री अकरा वाजता पालकांच्या शंकांना उत्तरं. तिसऱ्या आठवड्यात फोन हातात घ्यायचाही कंटाळा येतो आणि पाचव्यात सगळंच थंडावतं. आता हेच मुलाच्या बाजूने बघा. रोज फोन करणाऱ्या बाई अचानक गप्प झाल्या, आणि का, ते कोणी सांगितलं नाही. माझ्या मते मुळीच फोन न करण्यापेक्षा हे वाईट. म्हणून खाली जे सांगतो आहे त्याला एकच अट आहे: सहा महिने निभेल तेवढंच पहिल्या दिवशी सुरू करा, आणि जे सुरू केलं ते चुकवू नका.

सहा महिने उगीच म्हणत नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा जो तो 'एप्रिलपर्यंतच' म्हणत होता. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. जुलैत सोलापुरात पुन्हा दहा दिवस कडकडीत बंद झाला. मधे काही वर्ग उघडले, परत मिटले. राज्यातल्या शहरांमधले आठवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा भरले आणि २०२२ च्या जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद. त्यासाठी साथच यावी लागते असंही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, करमाळा, मोहोळ भागातली गावं पाण्यात गेली, तेव्हाही मुलं शाळेपासून तुटलीच.

पहिली पायरी: यादी, पण हजेरीपटाची नव्हे

दोनशे पानी एक वही घ्या. प्रत्येक मुलाला एक पान. शाळेच्या नोंदीतला मोबाइल नंबर बऱ्याचदा दोन वर्षांपूर्वीचा असतो, त्यावर विसंबू नका. पानावर एवढं हवं: घरात फोन कोणाचा, तो घरी किती वाजता असतो, साधा की स्मार्ट, शेजारच्या कोणाचा नंबर, घरात कोणती भाषा बोलतात, घरात कमावतं कोण, आणि घरात कोणी आजारी किंवा म्हातारं आहे का.

शेजारचा नंबर का? रिचार्ज संपून मुदत गेली की आउटगोइंग तर जातंच, काही दिवसांनी इनकमिंगही बंद होतं. ज्या घरात हातावर पोट आहे तिथे रिचार्जचा नंबर तेला-मिठानंतर लागतो. 'फोन लागत नाही' याचा अर्थ 'पालकांना पर्वा नाही' असा काढणाऱ्यांनी एकदा अशोक चौकात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागच्या वस्तीत फिरून यावं.

कमावतं कोण, हा रकाना सोलापुरात फार बोलतो. यंत्रमागावरचा कामगार मीटरवर नाहीतर नगावर मजुरी घेतो. माग बंद तर मजुरी बंद. विडी कामगार बाईला हजार विड्यांमागे पैसे मिळतात. कारखान्यातून पानं-तंबाखू मिळाली नाही की सूप रिकामं. त्यामुळे चादर-टॉवेलचा कारखाना आणि विडीची शाखा एकदम बंद झाली, तर ज्या घरात बाप मागावर आणि आई विड्या वळणारी, तिथे एकाच दिवशी दोन्ही मिळकती थांबतात. अशा पानाच्या कोपऱ्यात खूण करून ठेवा. पोर रडत नाही म्हणून ती खूण पुसू नका.

दुसरी पायरी: तीन गट पाडा आणि हिशेब घाला

समजा वर्गात ४५ मुलं आहेत. सगळ्यांना सारखं लक्ष देणं हे दिसायला न्यायाचं, पण जमत नाही. वही समोर ठेवून तीन गट करा.

पाचएक मुलं अशी निघतील ज्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा बघावंच लागेल: घरात मृत्यू किंवा गंभीर आजार, दोन्ही मिळकती बंद, आधीपासून घरात मारहाण, किंवा मूल स्वतःच आधीपासून खचलेलं. पंधराएक मुलांना आठवड्यातून एक फोन. उरलेल्या पंचवीसांना पंधरा दिवसांतून एक. बेरीज करा: आठवड्याला साधारण ३८ फोन, पाच दिवसांत वाटले तर दिवसाला सात-आठ. एकेक सहा-सात मिनिटांचा धरला तर पाऊण-एक तास. एवढं माणूस वर्षभर करू शकतो. याहून जास्त होत असेल तर गट पुन्हा पाडा, तास वाढवू नका.

तिसऱ्या गटातली हुशार, हसरी, 'सर, मी मस्त' म्हणणारी मुलं विसरली जातात. म्हणून महिन्याला एकदा तिन्ही गट नव्याने लावा. मूल या गटातून त्या गटात गेलं पाहिजे. कोणीच हललं नाही तर तुम्ही बघत नाही आहात, नुसते फोन करताय.

गट कोणते, हे मुलांना किंवा पालकांना कळता कामा नये. वहीवर लाल-हिरव्या खुणा करून ती स्टाफरूममध्ये पसरून ठेवणारे महाभाग असतात, त्यांच्यातले होऊ नका.

तिसरी पायरी: फोन कसा करायचा

वेळ आधी ठरवा आणि तीच ठेवा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या घरात दुपारी बारा ते पाच कोणाशीही धड बोलणं होत नाही. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. शिवाय शहरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी पाणी त्या दिवशी घरातली लहानथोर सगळी भांडी-पिंपं भरण्यात असतात. आपल्या पेठेचा पाणी यायचा दिवस वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि त्या वेळी ना फोन, ना ऑनलाइन तास. एवढं पाळलंत तरी पालकांना वाटतं, या बाईंना आपलं घर कळतं.

आधी घरातल्या मोठ्या माणसाशी दोन वाक्यं. मुलगी असेल तर हे अजिबात टाळू नका. पुरुष शिक्षकाने थेट आठवीतल्या मुलीशी बोलायला मागितलं की काही घरांत फोनच काढून घेतात. 'अक्का, नमस्कार, शाळेतून बोलतोय. सगळे बरे आहात ना? रेशन मिळालं का? जरा पोरीशी बोलू का, तुम्ही जवळ असलात तरी चालेल.' एवढ्याने दार उघडतं.

मग मुलाशी. 'बरा आहेस ना?' असं विचारलं की 'हो सर' येणार आणि बोलणं तिथेच संपणार. त्यापेक्षा ज्याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही ते विचारा. आज काय जेवलास? रात्री किती वाजता झोपलास? दिवसभरात कोणाशी भांडलास? घरात सगळ्यात जास्त काम कोण करतंय सध्या? जेवणाचा आणि झोपेचा प्रश्न प्रत्येक वेळी हवाच. 'भूक लागत नाही' आणि 'पहाटेपर्यंत जागा होतो' ही दोन उत्तरं लागोपाठ दोन-तीन फोनवर आली तर मूल वरच्या गटात.

भाषेचं म्हणाल तर, सोलापुरात वर्गात मराठी बोलणारं मूल घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलत असतं. जिवाला लागलेली गोष्ट शाळेच्या भाषेत सांगता येतेच असं नाही. तुम्हाला ती भाषा येत नसेल तरी 'अन्नं तिन्नावा?' किंवा 'ऊट आयता?' एवढं विचारायला काय लागतं? पोर तुमच्या उच्चाराला हसेल, हसू द्या. पुढचं बोलणं त्याला हव्या त्या भाषेत होऊ द्या. न कळल्यास ती भाषा येणाऱ्या सहकाऱ्याला पुढचा फोन करायला सांगा.

फोन बऱ्याचदा स्पीकरवर असतो आणि खोलीत सहा माणसं असतात, हे गृहीत धरूनच बोला. मोठ्या मुलांशी आधीच ठरवून ठेवा: मोकळेपणाने बोलता येत नसेल तर म्हणायचं, 'सर, गणिताची वही सापडत नाही.' मग तुम्ही फक्त हो-नाहीत उत्तर देता येतील असे प्रश्न विचारायचे. भीती आहे का? कोणी मारतंय का? आत्ता लगेच मदत हवी का? हे शाळा चालू असताना वर्गातच सांगून ठेवलेलं बरं. टाळेबंदी लागल्यावर हे ठरवायला एकांत मिळत नाही.

फोन संपवताना पुढचा फोन कधी ते सांगा. 'मंगळवारी संध्याकाळी' म्हणालात तर मंगळवारी संध्याकाळीच. जमणार नसेल तर कोणाकरवी निरोप द्या. 'मी आहेच, कधीही फोन कर' असं मात्र म्हणू नका, कारण तुम्ही कधीही नसता. रात्री दोन वाजता तुमचा फोन बंद लागला की त्या वाक्याची किंमत मुलाला कळते.

चौथी पायरी: आधी धान्य, मग धीर

उपाशी मुलाला मनःशांतीचे व्यायाम शिकवणं ही थट्टा आहे. शाळा बंद असताना शालेय पोषण आहार कोरड्या धान्याच्या रूपात वाटला गेला होता. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ, सोबत डाळी-कडधान्य, असा हिशेब असतो. वाटपाची तारीख कळली की प्रत्येक घराला फोनवर सांगा, नुसतं ग्रुपवर टाकून सोडू नका. वाटपाला कोण आलं नाही, ते वहीत टिपा. न येणाऱ्यांतच बहुधा खरा अडलेला असतो. गाव सोडून गेलेला, नाहीतर घरात कोणी पडलेलं.

धान्य घ्यायला येणाऱ्या पालकाशी समोरासमोर दोन मिनिटं बोलायची ही एकच संधी असते, तेव्हा नुसत्या सह्या घेऊ नका. त्याच पिशवीत आठवड्याचा कागदी अभ्यास आणि वाचायला एखादं पुस्तकही घाला.

पाचवी पायरी: अभ्यास थोडा, पण ठरल्या वेळी

अभ्यास हा मुलांच्या मनाला टेकू असतो, ओझं करू नका. ऑनलाइन तासांबाबत केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना जुलै २०२० मध्ये आल्या. पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटांहून जास्त नाही, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं, नववी ते बारावीसाठी चार. ही वरची मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नाही. एका फोनवर तीन भावंडं असली की धाकट्याच्या वाट्याला काय येतं ते तुम्हीच बघा.

फोनवाचून चालणाऱ्या गोष्टी सोलापुरातच घडल्या आहेत. नीलमनगर हा यंत्रमाग कामगारांचा भाग. तिथल्या आशा मराठी विद्यालयाने २०२० मध्ये वस्तीतल्या घरांच्या जवळपास ३०० भिंतींवर धडे रंगवले. मुलं अंतर ठेवून गल्लीत उभी राहून वाचत, लिहून घेत. मला त्यात शिकण्याइतकीच दुसरी गोष्ट मोलाची वाटते: मुलं घराबाहेर पडली, चालली, एकमेकांना लांबून का होईना दिसली. त्याच वर्षी माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड ही त्यांची कल्पना. ज्या घरी स्मार्ट फोन आहे तिथे पुस्तकातला कोड आठवड्यातून दोनदा स्कॅन करायला सांगा. जिथे नाही तिथे भिंत, कागद, फळ्याचा तुकडा, काहीही.

वयाप्रमाणे एक रोजचं घरकामही द्या, आणि मुलग्यांनाही. शेंगदाण्याची चटणी कुटणं, आजोबांना पेपर वाचून दाखवणं, धाकट्याचे पाढे घेणं. दिवसाला एक ठरलेलं काम असलं की सकाळ कुठे संपली आणि रात्र कुठे सुरू झाली ते कळतं. एक सावधगिरी मात्र बाळगा: 'घरकाम' म्हणता म्हणता मुलगी दिवसभर सुपासमोर बसून विड्यांची पानं कातरायला लागली का, हे तिच्या बोलण्यातून टिपत राहा.

दहावी-बारावीच्या मुलांचं दुखणं वेगळं. त्यांना अभ्यासापेक्षा अनिश्चितता खाते. २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, २०२१ मध्ये तर दहावीची आणि बारावीची परीक्षाच झाली नाही. दोन्ही वेळा निर्णयाआधी व्हॉट्सअॅपवर खोट्या तारखांचा पाऊस पडला होता. अशा वेळी एक नियम करा: परीक्षेविषयीची बातमी शनिवारी एकदाच, मंडळाचं परिपत्रक बघून, तुम्ही सांगणार. बाकी दिवस त्या विषयावर ग्रुपवर चर्चा नाही.

सहावी पायरी: जे आपलं काम नाही ते ओळखा

तुम्ही शिक्षक आहात, डॉक्टर किंवा पोलीस नाही. ऐकून घेणं, धीर देणं आणि योग्य दारापर्यंत पोचवणं, एवढंच तुमचं. पण ते दार कोणतं, हे तोंडपाठ पाहिजे.

मूल 'मला जगायचंच नाही' असं म्हणालं, हसत म्हणालं तरी, तर फोन ठेवू नका. सरळ विचारा: 'जिवाचं काही करून घ्यावं असं वाटतंय का?' विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते ही भीती खोटी आहे, उलट बोलायला वाट मिळते. घरातलं विश्वासाचं मोठं माणूस त्याच्याजवळ बसवा, कीटकनाशक, औषधं, दोर अशा वस्तू दूर करायला सांगा. मग टेली-मानस, १४४१६. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी, मोफत फोन-सेवा आहे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालते. प्रत्यक्ष दाखवायचं तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात. जीव आत्ताच धोक्यात असेल तर ११२, तातडीच्या मदतीचा नंबर.

मारहाण, छळ, जबरदस्तीचं काम, घरातून पळालेलं मूल: चाइल्डलाइन १०९८, मुलांसाठीची मदतवाहिनी, चोवीस तास. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर 'आधी खात्री करू' म्हणत थांबायचं नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याने माहिती असणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून कुठल्याही मुलाला 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. म्हणा, 'तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला तशी कल्पना देईन.'

टाळेबंदीत लग्नं थोडक्यात उरकतात. पन्नास माणसांत, अंगणात, कमी खर्चात. नववीतली मुलगी अचानक 'मावशीकडे गेली' असं तीनदा ऐकलं की कान टवकारा. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण होण्याआधीचं लग्न बेकायदा आहे. गावात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. शहरात १०९८ किंवा पोलीस. कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायला सांगा, कारण तुम्हाला त्याच गल्लीत उद्या जायचं असतं.

घरात कोणी गेलं असेल तर फार बोलू नका. साथीत अंत्यविधीलाही जाता आलं नाही, शेवटचं दर्शन झालं नाही, याची बोच मुलांना असते. 'आता तूच घरातला मोठा' हे वाक्य कोणीतरी त्याला आधीच ऐकवलेलं असतं, तुम्ही त्यात भर घालू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याच्याबद्दल काही सांगावंसं वाटतंय का विचारा. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात. कागदपत्रं गोळा करून देणं हा तिथे सगळ्यात मोठा धीर.

सातवी पायरी: स्वतःसाठी कुलूप

यावर नव्या शिक्षकांना हसू येतं, पण बाकी सगळं यावरच उभं आहे. साथीच्या काळात शिक्षकांना सर्वेक्षण, रेशन दुकानं, तपासणी नाके अशी कामं लागतात. २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी गेलेल्यांना विचारा. तशी ड्यूटी लागली की फोनचा तास निम्मा होणार, हे धरूनच गट पाडा.

शाळेच्या फोनसाठी वेगळं सिम घ्या आणि रात्री आठला बंद करा. एक जोडीदार ठरवा, शेजारच्या वर्गाचा शिक्षक. दोघांनी एकमेकांच्या वरच्या गटातल्या पाच मुलांची नावं आणि अडचण माहीत करून ठेवायची. तुम्ही आजारी पडलात तर ते पाच फोन तो करेल. मुलांनाही आधी सांगा की 'कधी कधी शेजारच्या वर्गाचे सर बोलतील.' आठवड्यातून एकदा दोघांनी वीस मिनिटं एकमेकांचं ऐकायचं, उपाय न सुचवता. रविवारी काहीच नाही. सिद्धेश्वर तलावाला एक चक्कर मारा, परवानगी असेल तर.

मुख्याध्यापकांनी रोज किती फोन झाले याचा तक्ता मागितला तर नम्रपणे सांगा की आकडे देतो, नावं आणि बोलणं नाही.

शाळा उघडल्यावर

पहिल्याच दिवशी चाचणी घेऊ नका. पहिला आठवडा मुलांना शेजारी बसायचं, भांडायचं, 'काय बे' म्हणत पाठीत गुद्दा घालायचं कसं ते आठवू द्या. कोण आलं नाही, त्यांच्या घरी दहा दिवसांच्या आत जा. एक महिना गैरहजर राहिलेलं मूल परत येणं फार अवघड होतं, मागावर किंवा हॉटेलात लागलेलं तर त्याहून.

वरच्या गटाचे फोन एकदम थांबवू नका, महिनाभर आठवड्याला एक ठेवा आणि मग मुलाला सांगून बंद करा. वर्ष संपलं की पुढच्या वर्गशिक्षकाला प्रत्येक मुलाबद्दल कामाचं तेवढं तोंडी सांगा: घरी फोन कधी लागतो, कोणाशी बोलावं, काय विचारू नये. ज्या मुलांची प्रकरणं बाल कल्याण समितीकडे किंवा पोलिसांकडे आहेत त्यांची पानं मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवा. बाकीची फाडून टाका.